मेगालीबाईंचा उजवा जोडा

मोच्यांच्या संघानं पोतं शिवायला घेतलं, त्याच सकाळी तागापे नेफेरोच्या दारात येऊन उभी राहिली.

नेफेरो ओट्यावर बसून मसुरीची आमटी खात होता. शेजारी त्याचा मित्र पेबोस, जुना शिपाई, भाकरीच्या तुकड्यानं वाडगं पुसत होता. नेफेरो पूर्वी न्यायालयात लेखनिक होता. न्यायाधीशांच्या निकालातल्या चुका त्यानं भर कचेरीत मोजून दाखवल्या, आणि तेव्हापासून तो घरी बसून लोकांची कोडी सोडवत असे. श्मिन गावात त्याला हुशार म्हणत, पण जेवायला सहसा कुणी बोलावत नसे.

"माझ्या मुलाला पोत्यात घालणार आहेत," तागापे म्हणाली.

पेबोसचा घास हातातच राहिला. बापाला मारणाऱ्याची शिक्षा काय, हे श्मिनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"कुत्रा, कोंबडा, साप आणि माकड," तो हळूच म्हणाला. "सगळे जिवंत. आणि मधे माणूस. मग पोतं नदीत."

"कुत्रा, कोंबडा, साप मिळालेत. माकड मिळेना. दक्षिणेकडून होडी यायचीय, तिच्यात आहे म्हणतात."

"म्हणजे तुझ्या मुलाचा जीव माकडाच्या हातात आहे," नेफेरो म्हणाला. "बरं झालं. ते न्यायाधीशांपेक्षा सावकाश येतंय."

"नेफेरो!" पेबोस ओरडला.

तागापेनं मात्र ते ऐकलंच नसावं. ती मोच्याची बायको होती. नवऱ्यासाठी आयुष्यभर जवसाचा दोरा वळून वळून तिच्या बोटांना खाचा पडल्या होत्या. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. तिचा नवरा उस्ताद प्साते मेगालीबाईंच्या अंत्यविधीचे जोडे शिवत होता. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी तागापे मेगालीबाईंच्या घरी रात्रभर रडायला गेली. धाकटा मुलगा फिब सणाच्या जागरणाला चर्चमध्ये गेला. घरी उरले बाप आणि थोरला पामिन. सकाळी मेगालीबाईंचा नोकर जोडे न्यायला आला, तेव्हा प्साते आपल्या चौरंगाशी पालथा पडलेला होता. तळ ठोकायच्या दगडानं कुणीतरी त्याची कवटी फोडली होती.

"बापलेकांचं पटायचं नाही?"

"बाप टोचून बोलायचा. पण मारणारा माझा पामिन नव्हे." तिनं बोटांच्या खाचा चोळल्या. "जाताना मीच दिवा काठोकाठ भरून दिला हो. सकाळी आले, तर दिवा तसाच भरलेला आणि माणूस रिकामा."

नेफेरोनं वाडगं खाली ठेवलं.

"काय हवंय तुला?"

"माझा मुलगा घरी आणा."

"खरं शोधायचं की मुलगा आणायचा?"

"दोन्ही एकच आहे."

नेफेरो उठला आणि पायताणं शोधू लागला.

वाटेत पेबोसनं विचारलं, "पोत्याचं तोंड कोण शिवतं रे? मी कधी पाहिलं नाही."

"बाकीचं पोतं संघ शिवतो. तोंड मात्र संघातला सगळ्यात नवा उस्ताद. जुने कुणी त्या शिवणीला हात लावत नाहीत."

"नव्यालाच का?"

"नव्याला नाही म्हणता येत नाही म्हणून."

*

प्सातेचं दुकान पुढं आणि कामाची खोली मागं होती. पुढं रंगीत जोडे ओळीनं मांडलेले होते. मागं कातड्याचा वास, भिंतीशी पाण्याचं टाकं, दोन चौरंग, रापी, आऱ्या, लाकडी साचे. मोठ्या चौरंगाखालची जमीन घासून काढली होती, तरी डाग दिसत होता.

धाकटा फिब हात जोडून उभा होता. नखं स्वच्छ, केस विंचरलेले. त्याचे डोळे रडून सुजले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"तू निघालास तेव्हा बाप काय करत होता?" नेफेरोनं विचारलं.

"उजवा जोडा शिवत होते, काका. डावा पुरा होऊन साच्यावर होता. उजव्याची पुढची शिवण तेवढी राहिली होती. म्हणाले, उजाडायच्या आत उलटवून ठेवतो, माणसाला यायला सांग."

"उलटवून?" पेबोसनं विचारलं.

"आमचे जोडे आतून शिवतात, शिपाईकाका. कातड्याची चांगली बाजू आत ठेवून शिवायचं, आणि मग पिशवी उलटवावी तसा आख्खा जोडा उलटवायचा. शिवण आत लपते."

"वा! आणि मी समजत होतो की देवदूत शिवतात."

फिब कसनुसा हसला. "सकाळी जोडी तयार होती. म्हणजे रात्री बराच वेळ बाबा जिवंत होते. मी इथं असतो तर... पण मी चर्चमध्ये होतो. सगळ्या गावानं पाहिलं."

"घरी फक्त पामिन."

"दादानं केलं नसेल हो," फिब म्हणाला. मग खाली बघून पुटपुटला, "पण दुसरं कोणी नव्हतंच घरी."

"तू किती शिवतोस?"

"मी विकतो. बाबा मला आरीला हात लावू देत नसत. म्हणत, तुझे हात देवाचे."

"म्हणजे?"

"लहानपणी मी मरणार होतो. बाबांनी नवस बोलला, पोरगं जगलं तर वाळवंटातल्या मठाला देईन. झाडायला, दिवे लावायला."

"आणि?"

"आणि मी जगलो." त्यानं चौरंगावरचा साचा सरळ केला. "सण झाला की नेऊन सोडणार होते."

"तुला जायचं होतं?"

"नवस मला विचारून बोलत नाहीत, काका."

नेफेरो खोलीभर फिरला. लहान चौरंगाच्या वर, अगदी डोक्याशी, भिंतीत एक खुंटी होती. ती दरवाज्यातून आल्याआल्या दिसे.

"इथं काय टांगलेलं असतं?"

"काही नाही. रिकामीच असते."

नेफेरोनं खुंटीवरून बोट फिरवलं. सगळ्या खोलीत धूळ होती, पण खुंटी गुळगुळीत होती. मग बाही सरसावून त्यानं टाक्यात हात घातला. तळाशी भिजत पडलेल्या कातरणांतून त्यानं एकेक तुकडा वर काढला. एक लाल तुकडा पावलाच्या आकाराचा होता. तो जोड्याचा तळ होता, नीट कापलेला. नेफेरोनं तो उजेडात धरला. कडेला आरीचं एकही भोक नव्हतं.

"कापताना बिघडलेलं असेल," फिब म्हणाला.

"असेल," नेफेरो म्हणाला आणि तुकडा बाहीत घातला.

*

कातडी कमावणारा बेसा नदीकाठी राही, कारण गावानं त्याला आणखी जवळ राहू दिलं नसतं. कबुतरांची विष्ठा आणि बाभळीच्या शेंगांनी भरलेल्या खड्ड्यात तो गुडघाभर उभा होता.

"या शिपाईबुवा! नाक धरू नका, लाजल्यासारखं होतं."

"प्साते आणि तुझं भांडण होतं म्हणे," पेबोस म्हणाला. त्याला बेसाच खुनी वाटत होता. इतक्या घाण वासाचा माणूस निरपराध असेल, हे त्याच्या मनाला पटेना.

"भांडण? त्यानं माझी कातडी परत पाठवली. भर बाजारात म्हणाला, बेसाचं कातडं त्याच्या बायकोसारखं आहे, एकदा वाकलं की मोडलं." बेसा थुंकला. "कोरडं वाकवलं तर कुणाचंही मोडेल! माझं कातडं कोरडं वाकवू नका, ते बोलतं. आधी पाणी पाजा, मग हवं तसं वळवा. हे त्या म्हाताऱ्याला माहीत होतं. नुसता मला छळायचा."

"त्या रात्री कुठं होतास?"

"घरी, पिऊन पडलो होतो. साक्षीदार एक गाढव. तेही माझ्याविरुद्ध बोलेल."

"शेवटचा कधी भेटलास?"

"त्याच दुपारी. म्हातारा पोराला टांगून बसला होता."

पेबोस दचकला. "टांगून?"

"अहो, पोराचा जोडा. थोरल्यानं वाकडंतिकडं शिवलं की म्हातारा तो जोडा खुंटीला टांगायचा, पोराच्या डोक्यावर. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, बघा, कुत्र्याचे दात. गिऱ्हाईक हसायचं. मीही हसलो." बेसानं पाय चिखलातून उपसला. "पोरगा मान वर न करता शिवत होता. मी असतो तर तेव्हाच दगड उचलला असता."

परत जाताना पेबोस म्हणाला, "बघ, स्वतःच कबूल करतोय."

"तो इच्छा कबूल करतोय," नेफेरो म्हणाला. "तशी इच्छा गावात प्रत्येकाला होती. हाच आपला अडसर."

*

कचेरीखालच्या तळघरात पामिनचे पाय लाकडी खोड्यात अडकवले होते. मोच्याचा मुलगा अनवाणी होता. पहारेकरी दारात बसून खजूर खात होता आणि प्रत्येक बी पामिनच्या अंगावर मारत होता.

"माकडाला खजूर आवडतात," तो समजावून सांगत होता. "अंगाला वास लागू दे. ओळख होईल."

नेफेरोनं त्याला बाहेर घालवलं. पामिन मोठ्या हाडाचा, मंद बोलणारा माणूस होता.

"संध्याकाळी कुठं होतास?"

"नदीवर. कातडी धूत होतो. चौघंजण होते बरोबर. अंधार पडल्यावर आलो."

"मग?"

"खोलीचं दार लोटलेलं. आत दिवा नव्हता. बाप म्हणाला होता तोंड दाखवू नकोस, म्हणून सरळ गच्चीवर जाऊन झोपलो."

"कोतवाल म्हणतो, दिवा असणारच. रात्री जोडा पुरा झालाय."

"तेच मला कळत नाही, काका. दिवा नव्हता."

"तू नदीवर गेलास तेव्हा उजवा जोडा कुठवर आला होता?"

"उजवा? नुसता कापून ठेवला होता."

"तुझा भाऊ म्हणतो, पुढची शिवण तेवढी राहिली होती."

पामिननं विचार केला. "मग बापानं भराभर शिवला असेल. त्याचा हात चालायचा."

"तुझ्या डोक्यावरच्या खुंटीला काय होतं?"

"मी."

पेबोसनं मान खाली घातली.

"मेगालीबाईंचा डावा," पामिन म्हणाला. "पहिला डावा मी शिवला होता. बाप म्हणाला, टाके कुत्र्याचे दात आहेत. उलटवूसुद्धा दिला नाही, तसाच आतली बाजू बाहेर असलेला टांगला. मग स्वतः दुसरा डावा शिवला. एक टाका वाकडा नाही." बोलताना त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. "काका, माझं काही होवो. फिबला बघा. नाजूक आहे. त्याला शिवता येत नाही, पोट कसं भरेल?"

बाहेर आल्यावर पेबोसनं डोळे पुसले. "हा खुनी असेल तर मी बिशप आहे."

"तुझ्या मताला कचेरीत किंमत नाही," नेफेरो म्हणाला. "चल, मेगालीबाईंना भेटू."

"त्या मेल्यात ना?"

"म्हणून तर खोटं बोलणार नाहीत."

*

मेगालीबाई तळमजल्यावर मिठात होत्या. त्यांचा मुलगा अंतिनोहून यायचा होता, तोवर पुरता येत नव्हतं. प्रेताला कापड गुंडाळणारी नोन्ना दारात सूत कातत बसली होती.

"जोडे नीट बसले का?" नेफेरोनं विचारलं.

नोन्नानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला काय करायचंय? नवरदेव आहेस?"

"बसले का?"

"डावा लोण्यासारखा गेला. उजवा जाईना. म्हटलं, पाय सुजला असेल. पण सूज नव्हती. दोघींनी ओढला, तरी जाईना."

"मग?"

"अंगठा मोडला. मग गेला." तिनं सुताला पीळ दिला. "मेलेल्याला काय दुखतंय? नाहीतरी त्या जिवंतपणी कुणाचं ऐकत नव्हत्याच."

"म्हाताऱ्यानं स्वतः माप घेतलं होतं ना?"

"माझ्यासमोर. दोन्ही पायांचं."

"आणि जोडे सकाळी थेट इथं आले?"

"नोकरानं म्हातारा पडलेला पाहिला, बोंब मारली, गल्ली गोळा केली. पण जोडे फडक्यात बांधून घेऊनच आला. या उन्हात बाई थांबल्या असत्या का?"

नेफेरोनं पाय उघडायला सांगितले. नोन्नानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण प्सातेचं नाव निघाल्यावर ती कुरकुरत उठली आणि फक्त पावलांवरचं कापड सोडलं. दोन्ही जोडे निघाले. लाल बोकडाचं कातडं, पातळ एकेरी तळ. मेलेल्याच्या जोड्याला दुहेरी तळ लावत नाहीत. त्याला कुठं चालायचं असतं?

पेबोसनं उजव्या पायाच्या जोड्यावरून बोट फिरवलं. "याच्या नाकावर या सुरकुत्या कसल्या? डावा तर लहान पोराच्या गालासारखा आहे."

"शाबास," नेफेरो म्हणाला. त्यानं झटकन जोडे दोन वेगळ्या फडक्यांत बांधले.

"काय शाबास? काय केलं मी?"

"ते तुला मागाहून कळेल, नेहमीसारखं."

रस्त्यावर पोरं घाटाकडे धावत होती. होडी आली होती. माकड आलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी मोच्यांच्या संघाच्या अंगणात गल्ली लोटली होती. बैलाच्या कातड्याचं पोतं शिवून झालं होतं. चार उस्तादांनी ते आत्ताच पाण्यात भिजवून उलटवलं होतं, आणि ते अंगणाच्या मधोमध ओलं, फुगलेलं, तोंड उघडून पडलं होतं. भिंतीशी कुत्रा भुंकत होता. साप मडक्यात होता. माकड साखळीला बसून अंजीर खात होतं आणि लोकांकडे फार दुःखी नजरेनं बघत होतं.

पामिनला आणलं. तागापे पुढं झाली, पण शिपायांनी तिला मागं ढकललं. फिबनं तिला धरलं.

"कोतवालसाहेब," नेफेरो म्हणाला, "पोतं ओलंच आहे. वाळेपर्यंत दोन शब्द बोलू द्या."

"तुमचे दोन शब्द मला माहीत आहेत," कोतवाल म्हणाला. पण त्यालाही गर्दीची मजा वाटत होती. "बोला."

नेफेरोनं बाहीतून एक लाल जोडा काढला. न उलटवलेला, खरखरीत बाजू बाहेर असलेला.

"हा संघाच्या वडीलधाऱ्यांनी माझ्यासाठी सकाळी शिवून दिला. मी अडाणी माणूस, उलटवतो." त्यानं जोड्यात मूठ घातली आणि नाक आत दाबू लागला.

"अरे ए!" बेसा गर्दीतून ओरडला. "भिजव आधी! कातड्याचा खून करतोस का?"

लोक हसले. नेफेरो थांबला.

"बरं, नाही उलटवत. मला फक्त सांगा, हा कोणत्या पायाचा? फिब, तू रोज जोडे विकतोस. तू सांग."

फिबनं एक नजर टाकली. "उजव्या."

अंगणातल्या मोच्यांत खसखस पिकली. एक म्हातारा म्हणाला, "प्सातेचं पोर आणि असं बोलतं! अरे, डावा!"

"पामिन?"

पामिननं मान वर केली. "डावा. अजून उलटवायचाय."

"पेबोस, तुला कळलं?"

"नाही," पेबोस प्रामाणिकपणे म्हणाला. "मलाही उजवाच दिसतोय."

"कारण तू शिपाई आहेस. डाव्या हाताचा मोजा उलटवला की उजव्या हातात जातो. जोड्याचंही तेच. उलटवण्याआधी डावा जोडा उजव्यासारखा दिसतो. शिवणाऱ्याच्या हाताला ते माहीत असतं, विचार करावा लागत नाही. फक्त उलटवलेले, तयार जोडे हाताळणारा फसतो."

मग त्यानं दोन्ही फडकी सोडली आणि मेगालीबाईंचे जोडे पोत्याशेजारी जमिनीवर मांडले. क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग सगळे मोची एकदम बोलू लागले.

दोन्ही जोडे डाव्या पायाचे होते.

"मेगालीबाईंचा अंगठा मोडून हा जोडा उजव्या पायात घातला," नेफेरो म्हणाला. "मेलेली बाई तक्रार करत नाही. जिवंत असत्या तर चार दिवसांपूर्वीच निकाल लागला असता. आता प्सातेसारखा उस्ताद एका बाईला दोन डावे जोडे शिवेल का?"

"कधीच नाही," संघाचा म्हातारा पुढारी म्हणाला. त्यानं एक जोडा उचलून आत बोट घातलं. "आणि ही शिवण प्सातेची नव्हे. हे... हे पामिनचे टाके."

"झालं!" कोतवाल म्हणाला. "म्हणजे यानंच—"

"यानंच शिवला, साहेब, खुनाच्या आधी. बापानं तो न उलटवता खुंटीला टांगला. त्या दुपारी बेसा त्याला पाहून हसला होता. काल मी गेलो तेव्हा खुंटी रिकामी होती, आणि फिब म्हणाला की ती रिकामीच असते." नेफेरोनं लाल तळाचा तुकडा वर धरला. "खरा उजवा हा. टाक्यात बुडवलेला सापडला. कापलेला, पण आरीचं एक भोक नाही. उजवा जोडा कधी शिवलाच गेला नाही. ज्यानं तो शिवताना बापाला पाहिलं म्हणून सांगितलं, तो खोटं बोलला."

फिबचा हात आईच्या खांद्यावरून गळून पडला.

"जोडा पुरा झाला असं दाखवायची गरज कुणाला होती? पामिन रात्रभर एकटा घरी होता. रात्र जितकी लांबेल तितका तो अडकतो. बेसाचा साक्षीदार गाढव आहे, त्याला रात्र काय नि संध्याकाळ काय. पण एका माणसाला रात्र हवी होती, कारण रात्री सगळं गाव त्याला चर्चमध्ये बघणार होतं. संध्याकाळी मात्र तो बापाजवळ होता. त्यानं दगड मारला. समोर कापलेला उजवा, साच्यावर तयार डावा. त्याला शिवता येत नाही. वर पाहिलं तर खुंटीवर जोडा, शिवलेला, आणि दिसायला उजवा. फक्त उलटवायचं राहिलं होतं. उलटवला, तोही कोरडाच. पामिननं केलं असतं तर त्याला कळलं असतं की हा डावा आहे, तो त्यानंच शिवला होता. बेसानं केलं असतं तर त्याचा हात आधी पाण्याकडे गेला असता, आत्ता तुम्ही ऐकलंत. या नाकावरच्या सुरकुत्या बघा. कातडं बोलतं म्हणतात ना, ते हे."

"दिवा," पेबोस एकाएकी म्हणाला.

"हो. अंधार पडल्यावर पामिन आला तेव्हा दिवा नव्हता. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पण संध्याकाळी काठोकाठ भरलेला दिवा सकाळीही काठोकाठ होता. रात्रभर शिवणारा माणूस अंधारात शिवत नाही. दिवा लावायच्या आधीच प्साते मेला होता." त्यानं तागापेकडे पाहिलं नाही. "हे मला सगळ्यात आधी सांगितलं गेलं."

तागापेनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबलं.

फिब पळाला नाही. तो खुंटीवरून पडलेल्या वस्तूसारखा मटकन बसला.

"मला झाडू मारायला पाठवणार होते," तो म्हणाला. "आयुष्यभर. म्हटलं, बाबा, मला शिकवा, मी शिवतो. तर हसले. म्हणाले, तुला? तुला शिकवून काय करू, तू दिलेली वस्तू आहेस." त्यानं पामिनकडे पाहिलं. "तुला रोज टांगायचे, दादा. पण तुलाच शिकवायचे. मला कधी टांगलंसुद्धा नाही."

"आणि माझं?" पामिननं विचारलं. "पोत्यात मी गेलो असतो."

"दुसरं कोणी नव्हतंच घरी," फिब म्हणाला.

*

पामिनच्या पायातला खोडा काढून फिबच्या पायात घातला. कोतवाल खूश होता. पोतं वाया जाणार नव्हतं, माकडही आलेलं होतं. न्यायाधीशांची मोहोर दुपारच्या आत आणवली गेली. लोक घरी जेवायला गेलेच नाहीत.

तागापे नेफेरोसमोर येऊन उभी राहिली.

"मी म्हटलं होतं, माझा मुलगा घरी आणा."

"आणला."

"तुम्ही विचारलं नाहीत, कोणता."

पेबोसनं नेफेरोचा दंड धरून त्याला बाजूला नेलं.

आधी कुत्रा, मग कोंबडा, मग मडक्यातला साप. माकडानं चावा घेतला, शिपायानं त्याला शिवी दिली. मग फिब. तो ओरडत नव्हता, नुसता दात वाजवत होता. पोत्याचं तोंड ओढून धरलं, आणि संघाच्या पुढाऱ्यानं घसा खाकरला.

"प्साते गेला त्या दिवसापासून त्याची जागा पामिनची. म्हणजे सगळ्यात नवा उस्ताद..."

त्यानं आरी पुढं केली.

पामिननं ती घेतली. दोरा तागापेच्या कमरेला होता, नेहमीसारखा. तिनं तो काढून दिला. देताना थोरल्याच्या कानाशी वाकली. जवळच्यांना ऐकू गेलं.

"पामिन, कुत्र्याचे दात घाल. फटी ठेव. पाणी लवकर आत जाऊ दे."

पामिननं आईकडे पाहिलं. पोत्यातून फिबनं हाक मारली, "दादा." पामिन गुडघ्यावर बसला, दोऱ्याला मेण लावलं, आणि शिवू लागला. फक्त कातड्यातून आरी जाताना होणारा आवाज येत होता.

शिवण झाली तेव्हा पुढाऱ्यानं सवयीनं तिच्यावरून अंगठा फिरवला. एक टाका लांब नव्हता, एक आखूड नव्हता. नखही शिरलं नसतं.

"प्सातेच्या हातची वाटते," तो म्हणाला.

पामिननं दोरा दातानं तोडला.